बांधकामावर जाणाऱ्या मुलाने नकाशा वाचायला शिकून जावे

रब्बीची सुगी आटोपली, की कोरडवाहू गावांतली तरुण पोरे मुंबई-पुण्याची वाट धरतात. दोन-तीन एकरांत दोन भावांचे संसार भागत नाहीत, हे आपण सगळेच जाणतो. पुष्कळ जण बांधकामावर लागतात, कारण तिथे दाखला कोणी विचारत नाही. पण दाखला न विचारता मिळणारे काम बिगाऱ्याचे असते. घमेली वाहायला गेलेला एक मुलगा पाच वर्षांनीही घमेलीच वाहतो आणि त्याच्याच एस्.टी.ने गेलेला दुसरा सळईचा फिटर किंवा मुकादम होतो. दोघांच्या अंगबळात फरक नसतो. साहेबाने कागद पसरला, की एक मागे सरतो आणि दुसरा पुढे वाकून पाहतो.

त्या कागदाला साइटवर अजून ‘ब्ल्यू प्रिंट’ म्हणतात. सर जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली निळ्या छपाईची एक रीत शोधली. पुढे त्या रीतीने नकाशांच्या नकला निघू लागल्या, निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. आता नकाशा संगणकावर काढतात आणि तो पांढऱ्या कागदावर, नाही तर मुकादमाच्या फोनवर येतो. नाव तेवढे जुने राहिले.

शेतकऱ्याला नकाशा परका नाही. मोजणीच्या नकाशावर बोट ठेवून बांधाचा वाद घालणारे गावोगाव आहेत. शेततळेच घ्या. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि काठाचा उतार एकास एक. दर मीटर खोलीला काठ एक मीटर आत येतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून सहा मीटर कमी होतात आणि तळ २४ बाय २४ उरतो. हे तळे वरून पाहिले तर एकात एक दोन चौकोन दिसतात, तो प्लॅन. मधोमध कापून बाजूने पाहिले तर घमेल्यासारखा आकार दिसतो, तो सेक्शन. इमारतीला समोरून पाहिले की एलेव्हेशन. एवढे तीन शब्द पक्के झाले, की निम्मी भीती गेली. घराच्या प्लॅनमध्ये घर कमरेच्या थोडे वर आडवे कापून वरचा भाग उचलून ठेवला आहे, असे समजावे. म्हणून तर खिडक्याही त्यात दिसतात.

प्रमाण १:१०० असेल तर कागदावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जागेवरचा १ मीटर. मापे बहुधा मिलिमीटरमध्ये असतात आणि आकड्यापुढे काही लिहिलेले नसते. ३००० म्हणजे तीन मीटर, आपले जवळजवळ दहा फूट. २३० म्हणजे नऊ इंची भिंत, ११५ म्हणजे साडेचार इंची. मात्र नकाशावर पट्टी लावून माप कधीही काढू नये. झेरॉक्समध्ये कागद लहान-मोठा होतो आणि फोनवर तर बोटांनी चित्र ताणले की संपलेच. लिहिलेला आकडा तेवढा खरा. आकडा नसेल तर इंजिनिअरला विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

नकाशाच्या उजव्या हाताला, बहुधा खालच्या कोपऱ्यात, एक चौकट असते. तिच्यात प्रमाण, तारीख आणि दुरुस्तीचा क्रमांक असतो: आर-०, आर-१, आर-२. पहिली नजर तिथेच जावी. जुन्या नकाशावर काम केले तर उभारलेले तोडावे लागते आणि मग त्या दिवसांची मजुरी कोणाच्या अंगावर, यावरून तंटा होतो. ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’ असा शिक्का किंवा शेरा नसलेल्या कागदावर काम धरू नये. कॉलमच्या रांगांना एका दिशेने १, २, ३ आणि दुसऱ्या दिशेने ए, बी, सी अशी नावे असतात. त्यांत आय आणि ओ ही अक्षरे सहसा गाळतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात.

आता सळईचे पाहू, कारण पैसा आणि जोखीम दोन्ही तिथे आहेत. ‘८ मिमी @ १५० सी/सी’ म्हणजे आठ मिलिमीटर जाडीच्या सळया, एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १५० मिलिमीटर अंतर. तीन मीटर लांबीत असे २० गाळे पडतात, म्हणून सळया २१ लागतात. नवखा २० च तोडतो. वजनाचाही हिशेब सोपा आहे. जाडीच्या मिलिमीटरचा वर्ग करून १६२ ने भागावे, की मीटरमागे किलो निघतात. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ०.८९ किलो भरते.

स्लॅब दोन्हीकडून भिंतीवर किंवा बिमावर टेकलेला असतो. भार आला की मध्यभागी त्याचा तळ ताणला जातो, म्हणून तिथे मुख्य सळई खाली असते. छज्जा किंवा पुढे काढलेली बाल्कनी एकाच बाजूने धरलेली असते. झाडाच्या फांदीला पोर लोंबकळले, की फांदी बुडाशी वरच्या अंगाने तडकते, छज्ज्याचेही तसेच. त्याची मुख्य सळई वर हवी. सेक्शनमध्ये ती वरच काढलेली असते, पण माल ओतताना माणसे तिच्यावरून चालतात आणि ती खाली दबते. तिला उचलून धरायला खाली लोखंडी खुर्च्या ठेवायच्या असतात. त्या ठेवल्या नाहीत तर छज्जा वरून धडधाकट दिसतो आणि सेंट्रिंग काढताच खाली येतो. खाली बहुधा मजूरच असतात. सेक्शन वाचणारा एक जण टोळीत असला, की तो ओतणे थांबवू शकतो.

शिकायचे कोठे? दहावी पास मुलासाठी आय.टी.आय.मधला दोन वर्षांचा आरेखक (स्थापत्य) हा अभ्यासक्रम मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मुलींनाही तो उत्तम आहे आणि घरच्यांनी त्याचा विचार जरूर करावा. दोन वर्षे काढणे शक्य नसेल त्याने जुन्या फिटरच्या हाताखाली राहावे आणि कामाचा नकाशा रोज संध्याकाळी मागून पाहावा. नोकरीची हमी देऊन आधी पैसे घेणाऱ्या क्लासपासून मात्र दूर राहिलेले बरे.

जाण्यापूर्वी गावातच सराव होतो. घरकुलाचा नकाशा मागून घ्यावा आणि फक्की, दोरी व टेप घेऊन रिकाम्या खळ्यावर तो आखावा. काटकोनासाठी एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटर मोजावे. तिरपे अंतर बरोबर ५ आले पाहिजे. खोलीचे दोन्ही कर्ण सारखे भरले तर आखणी जमली.

आणखी एक. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या मजुराला राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. त्यासाठी ९० दिवसांचे प्रमाणपत्र ठेकेदाराकडून काम चालू असतानाच घ्यावे. साइट संपल्यावर तो सापडत नाही.