‘ग्रेप’ : ओळी धुंडाळणारी आज्ञा

अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्यें ८५ निबंध एकाच टोपणनांवाखालीं प्रसिद्ध झाले. लेखक तिघे होते. पण त्यांतील १२ निबंध हॅमिल्टनचे कीं मॅडिसनचे, हा वाद दीर्घकाळ चालला. ‘अपॉन’ हें अव्यय हॅमिल्टन वारंवार वापरी, मॅडिसन क्वचित्. अशा क्षुल्लक शब्दांच्या गणनेवरूनच मॉस्टेलर व वॉलेस ह्या पंडितांनीं १९६४ मध्यें ते निबंध मॅडिसनच्या पदरीं टाकले.

पुढें बेल प्रयोगशाळेंत ली मॅकमॅहन ह्यांनीं तेच निबंध संगणकावर तपासावयास घेतले. तेथील ‘एड’ ह्या संपादन-साधनाच्या पोटांत एवढा मजकूर मावेना. तेव्हां केन टॉम्पसन ह्यांनीं ‘एड’मधील शोधाचें अंग तेवढें वेगळें काढून त्याची स्वतंत्र आज्ञा बनविली. ती सबंध मजकूर सांठवीत नाहीं. ओळ वाचते, जुळल्यास छापते, पुढें जाते. ‘सर्वत्र हा नमुना शोध व छाप’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळून तिचें ‘ग्रेप’ हें नांव झालें. १९७३ च्या युनिक्स-पुस्तिकेंत तें आढळतें.

वापरण्याची रीत सोपी आहे. प्रथम ‘ग्रेप’, मग शब्द, मग फाइलीचें नांव लिहावयाचें. ‘ग्रेप’पुढें उणें चिन्ह व ‘एन’ हें अक्षर घातल्यास ओळींचे क्रमांकही मिळतात; ‘आर’ घातल्यास सबंध फोल्डर आंतल्या फोल्डरांसह धुंडाळलें जातें. ‘सी’ घातल्यास संख्या मिळते, पण ती ओळींची. एका ओळींत शब्द तीनदां आला तरी गणना एकच! निबंधांचें कर्तृत्व ठरवूं पाहणारा येथें सहज फसेल.

शिवाय ही आज्ञा अक्षरें ओळखते, अर्थ नव्हे. ‘पाणी’ शोधणाऱ्या मराठी माणसास ‘पाण्यांत’ असलेली ओळ मिळत नाहीं, कारण सामान्यरूपांत ‘णी’चा ‘ण्या’ झालेला असतो. कांहींच न जुळल्यास आज्ञा मौन धरते, आणि शोधणारा समजतो कीं मजकुरांत पाण्याचा उल्लेखच नाहीं. ‘पाण’ एवढाच तुकडा द्यावा, तर पाणपोई व पाणबुडी येतात, आणि मागून व्याकरणकार पाणिनीही हजर होतो! त्यापेक्षां उणें चिन्ह व ‘ई’ हें अक्षर प्रत्येक वेळीं आधीं लिहून ‘पाणी’ व ‘पाण्या’ हीं दोन्ही रूपें एकाच आज्ञेंत द्यावींत. मग पाणिनीस तसदी पडत नाहीं.