घटसर्प : गोठ्यातला आणि घरातला

पावसाळा तोंडावर आला, की आमच्या औराद-भालकी भागातील शेतकरी म्हशीला घटसर्पाची लस टोचून घ्यायला सहसा विसरत नाही. उभे जनावर एका रात्रीत दावणीला मेलेले त्याने पाहिलेले असते. त्याच नावाचा रोग लेकरांनाही होतो, ही गोष्ट मात्र त्याच घरात कित्येकदा ठाऊक नसते. दोहोंचे जंतू निराळे. नाव तेवढे एक. लेकरांच्या या रोगास कानडीत 'गंटलुमारी' म्हणतात, उर्दूत 'खुनाक'. बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात तो तिन्ही भाषांतून वावरतो. हैदराबादेच्या नल्लकुंट्यातील साथरोग रुग्णालयाला लोक अजून 'कोरंटी' म्हणतात. हा 'क्वारंटाइन'चा अपभ्रंश होय.

हा जंतू घशात ठाण मांडतो, पण घात करतो तो त्याचे विष. प्रारंभी ताप बेताचाच असतो. मग घशात करडा, चिवट पापुद्रा धरतो. तो खरवडला तर रक्त येते. मान बैलासारखी सुजते, श्वास कोंडतो. घसा निवळल्यावरही ते विष हृदयाच्या स्नायूंना आणि मज्जातंतूंना पोखरीत राहते. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० साली प्रतिविषाचा शोध जाहीर केला, आणि वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली बेरिंग यांना याच कार्याबद्दल मिळाले. घोड्याच्या रक्तापासून तयार होणारे ते प्रतिविष आजही द्यावे लागते. पण पेशींत एकदा शिरलेल्या विषावर त्याची मात्रा चालत नाही. उशीर होतो तो येथेच.

लस तर फार जुनी. आपल्या देशात १९७८ पासून ती सरकारी कार्यक्रमातून दिली जात आहे. तरीही २०१८ साली भारतात ८,७८८ रुग्णांची नोंद झाली. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे तीन डोस बहुतेक घरे घेतात. दीड ते दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा, हे पुढचे दोन मात्र राहून जातात. मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षाच्या डोसांची काय कथा! दिवाळीच्या सुमारास तांडेच्या तांडे ऊसतोडीला निघतात, कोणी हैदराबादेस, कोणी मुंबई-पुण्याकडे. परिचारिका ठरल्या दिवशी येते तेव्हा दारांना कुलपे असतात. 'सुई दिली की पोर रात्रभर तापते, मग दुसऱ्या दिवशी मजुरी बुडते,' ही तक्रारही खोटी नव्हे. बाळपणच्या लसीचा जोर ओसरतो आणि रोग शाळेच्या वयात गाठतो.

हे सारे आम्हांस केवळ पुस्तकातून कळले असते तर बरे झाले असते. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतला पाचवीचा एक मुलगा ऊसतोडीहून परतल्यावर सुजलेली मान घेऊन वर्गात बसला. आम्ही ते गालगुंड समजलो. हळदीचा लेप लावा, चार दिवस घरी ठेवा, असे त्याच्या आईला आम्हीच सांगितले. मुख्याध्यापकांचा शब्द म्हणून तिने तो पाळला. तिसऱ्या रात्री श्वास लागला तेव्हा गाडी करून त्याला शहरात नेले. प्रतिविष मिळाले, घसा मोकळा झाला, तो पेजही पिऊ लागला. दहाव्या दिवशी पलंगावर उठून बसता बसता तो गेला. हृदय थकले होते, असे डॉक्टर म्हणाले. त्याच्या वर्गातल्या मुलांना औषधाच्या गोळ्या आणि लस देण्यास आरोग्य खात्याची मंडळी आली. शाळेतील लसीकरणाचे संमतिपत्र मागील वर्षी ज्या मुलांनी परत आणले नव्हते, त्यांची यादी त्यांनी मागितली. ती यादी आमच्या कपाटातच होती. त्यात त्याचे नाव होते.

आता प्रवेशाच्या नोंदवहीत जन्मतारखेशेजारी आम्ही एक रकाना हाताने आखून घेतला आहे. सरकारी नमुन्यात तो नाही, तपासणीला आलेले साहेब त्याबद्दल विचारतात. गेल्या जूनमध्ये त्या मुलाची धाकटी बहीण पहिलीत आली. तिच्या आईने पदराच्या गाठीतून घडी पडलेले 'तायी कार्ड' काढून आमच्यापुढे ठेवले. शेवटचे दोन चौकोन कोरे होते. नाव नोंदवायचे तसेच ठेवून आम्ही त्या दोघींबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत चालत गेलो.