हेमंतातील संधान आणि व्हॉसची नाताळची बिअर

हेमंतात अग्नी बलवान असतो व या ऋतूत मद्यपानास चरकाचार्यांचीही अनुज्ञा आहे. गेल्या डिसेंबरच्या सुटीत आम्ही चौघा वर्गमित्रांनी या वचनाचा आधार मोठ्या आवडीने घेतला, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे! निफाडजवळ एका वैद्यमित्राच्या मळ्यात मुक्काम होता. सकाळी उन्हात अभ्यंग, दुपारी हुरडा, रात्री शेकोटी. मित्राने महिनाभर आधी द्राक्षासवाचे संधान घातले होते. ते सर्वांनी मिळून गाळावे व चाखावे, असा बेत होता.

बरणीला कान लावला, आवाज नाही. जळती काडी तोंडाशी धरली, विझली नाही. संधान पूर्ण झाले, असा निर्वाळा आमच्यापैकी दोघांनी दिला. जिभेने तो तत्काळ खोटा ठरविला. गूळ जसाच्या तसा गोड होता! संधान संपले नव्हते, सुरूच झाले नव्हते. या दोन्ही परीक्षा आरंभापूर्वी व समाप्तीनंतर सारखेच उत्तर देतात, हे इतक्या वर्षांच्या व्यवसायानंतर आम्हांस उघड्या ओसरीवर, निफाडच्या थंडीत कळले. धायटीची फुलेही दोन वर्षांपूर्वीची निघाली.

बेकरीतून यीस्टचे पाकीट आणावे, अशी सूचना आली आणि वाद पेटला. त्याच रात्री एका मित्राने नॉर्वेतील बर्गन येथे राहणाऱ्या आपल्या कन्येचे पत्र वाचून दाखविले. तिकडे व्हॉस परिसरातील शेतकरी नाताळासाठी घरीच बिअर गाळतात. मध्ययुगीन गुलाटिंग कायद्याने तर नाताळची बिअर गाळणे शेतकऱ्यास बंधनकारकच केले होते व ती शेजाऱ्यांसमवेत प्यावयाची असे. जुनिपरच्या फांद्या उकळून काढलेल्या पाण्यात यवाचे माल्ट भिजवितात. जुनिपर म्हणजे आपली हपुषाच! नंतर त्यात 'क्वेइक' नावाचे घरचे किण्व घालतात. लाकडी कडीवर वा कापडावर वाळवून ते पिढ्यान्पिढ्या जपलेले असते. एखाद्याचे बिघडल्यास शेजारी देतो. हे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचेच घरगुती वळण लागलेले वाण होत, असे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. 'क्वेइक' व आपला 'जीव' हे शब्दही एकाच मूळ धातूचे.

आम्हांस मात्र खिळवून ठेवले ते एका आकड्याने. एवढ्या थंड मुलुखात ते लोक किण्व घालतात ते 35 ते 40 अंश सेल्सिअस उष्ण द्रवात, आणि भांडे गुंडाळून ठेवतात. आपल्याकडील धान्यराशीत पुरण्याचा विधी याहून निराळा काय सांगतो? आमच्या फार्मसीतील चकचकीत पोलादी टाक्यांना हिवाळ्यात आम्ही एक पोतेही गुंडाळीत नाही.

पाकीट आले नाही. नाशिकहून ताजी धायटी आणली, द्रव किंचित कोमट केला आणि बरणी कोठीघरात गव्हाच्या राशीत पुरली. तिसऱ्या दिवशी बुडबुड्यांचा आवाज येऊ लागला, तेव्हा शेकोटी सोडून चौघेही कोठीत जाऊन बसलो.

गाळणे झाले फेब्रुवारीत, आमच्या अनुपस्थितीत. प्रत्येकास एक बाटली पोहोचली. 20 मिली समभाग पाण्यासह आम्ही घेतले, चव उत्तम. तळचा गाळ मित्राने स्वच्छ कापडावर वाळवून ठेवला आहे. रुग्णांच्या औषधात तो घालावयाचा नाही, असे ठरले आहे. येत्या हेमंतात केवळ आमच्या चौघांच्या बरणीसाठी.