दहा वर्षांची अट

डब्बो (न्यू साउथ वेल्स): सिडनीपासून जवळपास ४०० किलोमीटरवरचा हा गहू-मेंढ्यांचा मुलूख. अशा गावांत दवाखान्याच्या दारावर ‘नवे पेशंट घेत नाही’ अशी पाटी सर्रास दिसते. आतला डॉक्टर पुष्कळदा आपल्याच उपखंडातून आलेला असतो. तो इथं आला कसा, यामागं एक कायदा आहे.

१९८४ पासून ऑस्ट्रेलियात मेडिकेअर ही सार्वजनिक आरोग्य विमा योजना आहे. डॉक्टरच्या फीपैकी ठरावीक रक्कम सरकार देतं. त्यासाठी डॉक्टरकडे ‘प्रोव्हायडर नंबर’ लागतो. १९९७ पासून परदेशात शिकलेल्या डॉक्टरला हा नंबर साधारणपणे पहिली दहा वर्षं डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागापुरताच मिळतो. शहरात दवाखाना थाटायला बंदी नाही. पण सरकारी परतावा नसेल, तर पेशंट तिथं कशाला जातील? गाव जितकं दुर्गम, तितकी मुदत कमी. अतिदुर्गम भागात ती पाच वर्षांवर येते. त्यासाठी सबंध देशाची महानगर ते अतिदुर्गम अशा सात श्रेणींत विभागणी केली आहे. सरकारी नकाशात पत्ता टाकला की श्रेणी कळते. डब्बो तिसऱ्या श्रेणीत आहे.

मेडिकेअरचा कर डब्बोचा शेतकरी आणि सिडनीचा बँक कर्मचारी एकाच दरानं भरतात. मग डॉक्टर एकालाच का मिळावा? त्यामुळं डॉक्टरांना खेड्याकडे वळवणं मला रास्तच वाटतं. खटकतं ते ओझ्याचं वाटप. इथल्या विद्यापीठांतल्या अनुदानित वैद्यकीय जागांपैकी चौथाईहून थोड्या अधिक जागांवरच तुटवड्याच्या भागात काम करण्याचा बाँड असतो, तोही तीन वर्षांचा, आणि फेडायला अठरा वर्षांची सवलत. बाकीचे पदवीधर मोकळे. बाहेरून आलेल्यावर मात्र दहा वर्षं! त्यात बायकोला, नवऱ्याला नोकरी नाही, मुलांच्या शिक्षणाची ओढाताण; मुदत संपली की बरीच कुटुंबं शहराची वाट धरतात आणि गाव पुन्हा नवा डॉक्टर शोधू लागतं. आपल्याकडच्या एक वर्षाच्या बाँडचा अनुभव याहून फार निराळा नाही.

टिकाऊ वाट मला टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात दिसते. तिथलं वैद्यकीय महाविद्यालय २००० साली सुरू झालं. ग्रामीण भागातली मुलं निवडायची, त्यांना उत्तर क्वीन्सलँडच्या छोट्या रुग्णालयांत शिकवायचं, हे त्याचं धोरण. तिथले पुष्कळ पदवीधर मोठी शहरं सोडून त्याच भागात काम करतात. सक्तीनं आलेल्या माणसापेक्षा तिथंच वाढलेला माणूस टिकतो, यात नवल ते काय?

इकडे यायच्या तयारीत असलेल्या मराठी डॉक्टरांना कळकळीनं सांगतो: करारावर सही करण्याआधी गावाची श्रेणी पाहा, मुदत किती ते लेखी घ्या, आणि जोडीदाराला तिथं काम मिळेल का याची चौकशी करा.