मनमाडचा फिटर १२४व्या मजल्यावर

बुर्ज खलिफावर मावळतीचा सूर्य महाग मिळतो. दिवसाच्या इतर वेळी तिकिटाचा एक दर आणि सूर्यास्ताच्या आसपास दुसरा, चढा. दुबईत जावयाने मोबाइलवर बघून विचारलं, "बाबा, संध्याकाळचं काढू का?" आमच्या मंडळींनी आधी दिरहमचे रुपये करून मागितले, आकडा ऐकला आणि सकाळचं काढायला सांगितलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सूर्यास्त आमच्या मनमाडजवळच्या अंकाई किल्ल्यावरून फुकट दिसतो.

तरी तिथला सूर्यास्त वेगळा असतो, हे खरं. जितकं उंच जावं तितकं क्षितिज खाली जातं आणि सूर्य उशिरा मावळतो. जमिनीवरच्या माणसाचा सूर्य बुडाला तरी १२४व्या मजल्यावरच्या माणसाला तो आणखी दोन-तीन मिनिटं दिसत राहतो. ही नुसती वहीतली गणितं नाहीत. २०११ च्या रमजानमध्ये दुबईतल्या धर्मगुरूंनी सांगितलं होतं की बुर्जच्या ८०व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि १५०व्याच्या वरच्यांनी तीन मिनिटं. एकाच इमारतीत उपास सोडायच्या तीन वेळा.

मी मनमाडच्या रेल्वे इंजिनिअरिंग कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालो. हा कारखाना १९०६ पासूनचा. पुलांचे गर्डर हे त्याचं मुख्य काम. त्यामुळे वर गेल्यावर बाकीचे खाली बघत होते, तेव्हा माझं लक्ष हे धूड उभं कसं राहिलं याकडे होतं.

वर जायची वाट दुबई मॉलच्या तळातून सुरू होते. लिफ्ट दुमजली आहे, वेग सेकंदाला दहा मीटर. साधारण एका मिनिटात माणूस साडेचारशे मीटर वर. आमच्याकडे कसाऱ्याहून इगतपुरीला गाडी सुमारे तीनशे मीटर चढते, तर त्यासाठी मागून बँकर इंजिनं लावावी लागतात आणि अर्ध्या तासाच्या आसपास वेळ जातो. घाट सावकाश चढत असल्याने कानांना सावरायला वेळ मिळतो. लिफ्टमध्ये तो मिळत नाही. हवेचा दाब मिनिटभरात पाच टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि कानांना दडे बसतात. आवंढा गिळला की सुटतात. नातीला मी लिमलेटची गोळी दिली होती, मोठ्यांनीही एक ठेवावी.

उंच इमारत लिफ्टशिवाय शक्यच नव्हती, हे आपण विसरतो. दोर तुटला तर काय, या भीतीपायी पूर्वी माणसं लिफ्टमध्ये पाय ठेवत नसत. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस नावाच्या कारागिराने लोकांसमोर उंच फळीवर उभं राहून दोर कापायला लावला. फळी जागीच अडकली, कारण त्याने दोर सुटताच पकड घेणारा ब्रेक बसवला होता. बुर्जच्या लिफ्टवरही त्याच ओटिसचं नाव आहे.

आता मुख्य गोष्ट. आडवा गर्डर वजनाने वाकतो, उभा मनोरा वाऱ्याने. गर्डरचं आम्ही आधीच जमवून घेतो. त्याला मध्ये थोडा वरच्या बाजूला बाक देतात, कॅम्बर म्हणतात त्याला, म्हणजे गाडीचा भार आला की तो सरळ बसतो. वाऱ्याचं तसं जमवता येत नाही. तो आज इकडून येतो, उद्या तिकडून. शिवाय तो नुसता ढकलत नाही. पुराच्या पाण्यात पुलाचा खांब उभा असतो तेव्हा त्याच्यामागे एकदा डाव्या आणि एकदा उजव्या बाजूने भोवरे सुटतात. वाऱ्याचंही तेच होतं. हे भोवरे इमारतीच्या डोलण्याच्या तालाशी जुळले, तर प्रत्येक झोक्यासरशी डोलणं वाढत जातं. वारा काय करू शकतो, हे पुलांच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ७ नोव्हेंबर १९४० ला अमेरिकेत टॅकोमा नॅरोज नावाचा झुलता पूल वाऱ्याने पिळून पिळून खाली पाडला. पुलाला उघडून अवघे चार महिने झाले होते आणि वारा काही वादळी नव्हता.

बुर्जच्या अभियंत्यांनी, बिल बेकर हे त्यांतले मुख्य, वाऱ्याला ताल सापडूच दिला नाही. मनोरा वर जाताना पायऱ्यापायऱ्यांनी अरुंद होतो आणि या पायऱ्या गोल फिरत चढतात. त्यामुळे कोणत्याही दोन टप्प्यांची रुंदी सारखी नाही. खाली भोवरे एका गतीने सुटतात, वर दुसऱ्या. एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. लहान प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून चाळीसहून अधिक चाचण्या घेतल्या आणि त्यांतून आकार बदलत गेला. एवढं करूनही ८२८ मीटरवरचं टोक दीड मीटरपर्यंत हलतं. आम्हाला मात्र काहीच जाणवलं नाही. वारा बेताचा होता, आणि १२४व्या मजल्यावरचा बघण्याचा डेक त्या टोकाच्या पुष्कळ खाली आहे.

इमारतीचा आडवा छेद इंग्रजी वाय अक्षरासारखा आहे. मध्ये सहा बाजूंचा जाड काँक्रीटचा गाभा आणि त्याला टेकलेल्या तीन भुजा. तिवई जशी कुठूनही ढकलली तरी तिचा एक ना एक पाय तोल धरतो, तसंच इथे एका भुजेवर जोर आला की उरलेल्या दोन तिला सावरतात. पायाखाली कठीण खडक नाही, वाळू आणि ठिसूळ दगड आहे. म्हणून दीड मीटर व्यासाचे १९० हून अधिक काँक्रीटचे खांब सुमारे ५० मीटर खोल उतरवले. ते मुख्यतः बाजूच्या मातीच्या घर्षणावर भार पेलतात. काँक्रीट पंपाने सहाशे मीटरच्या वर चढवलं. उन्हाळ्यात ते बर्फ घालून रात्री ओतत, कारण दुबईच्या दुपारी मिश्रण वाटेतच घट्ट झालं असतं. काम ऐन भरात असताना रोज बारा हजार माणसं कामावर होती. त्यांतली बहुतेक आपल्याच उपखंडातली, भारत, पाकिस्तान, बांगलादेशातली. नाव मात्र अबू धाबीच्या शेखांचं. बांधून होईपर्यंत ही इमारत 'बुर्ज दुबई' होती. ४ जानेवारी २०१० ला, उद्‌घाटनाच्या दिवशीच, ती 'बुर्ज खलिफा' झाली. त्याआधी कर्जात सापडलेल्या दुबईला अबू धाबीने हात दिला होता.

आमच्या मंडळींना वाऱ्यात रस नव्हता. त्यांनी विचारलं, "अहो, एवढ्या वर पाणी कसं चढतं?" मनमाडच्या बाईला हाच प्रश्न पडणार. नळाला पाणी येण्याचा दिवस आमच्याकडे वर्षानुवर्षं कॅलेंडरवर खूण करून ठेवावा लागला आणि त्या दिवशी घरातली पातेलीसुद्धा भरली जात. तर तिथे पाणी एका दमात वर जात नाही. साधारण तीस-तीस मजल्यांनंतर यंत्रांचे दुहेरी मजले आहेत. तिथल्या टाक्यांत पाणी उचलायचं आणि तिथून पुढच्या टप्प्यात. एकाच पंपाने वरपर्यंत ढकलायचं म्हटलं, तर खालच्या नळांना तो दाब सोसणार नाही. रोज साडेनऊ लाख लिटरच्या आसपास पाणी लागतं. दुसरी गोष्ट मंडळींना जास्त आवडली. दुबईची हवा दमट असते, ती एसीत थंड झाली की पाणी गळतं. हे पाणी इथे गोळा करतात, वर्षाला पाच कोटी लिटरहून जास्त, आणि खालच्या बागेला घालतात. "म्हणजे कूलरच्या उलट," मंडळी म्हणाल्या. शास्त्र बरोबर आहे. कूलर पाणी पितो, एसी पाणी देतो.

दृश्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. गणिताने १२४व्या मजल्याच्या ४५२ मीटरवरून पंचाहत्तर किलोमीटर दिसायला हवं. उंचीच्या मीटरांचं वर्गमूळ काढून साडेतीनने गुणलं की किलोमीटर मिळतात. प्रत्यक्षात धुळीचा पडदा त्याच्या पुष्कळ अलीकडे पडतो, म्हणून हिवाळ्यातच जावं. समुद्रात भर घालून केलेली बेटं, शेख झायेद रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे टॉवर, पलीकडे वाळू. मी बराच वेळ मेट्रो पाहत उभा राहिलो. तिच्यात ड्रायव्हर नसतो. तिथे लोखंडी गर्डर नव्हते, सगळा मार्ग काँक्रीटच्या तुकड्यांचा जोडलेला.

अंकाईवरून जे दिसतं ते मला वाचता येतं. जंक्शन, मुख्य मार्ग, दौंडचा फाटा, संभाजीनगरकडे जाणारा मार्ग, हडबीच्या शेंडीचा सुळका. कोणती गाडी सिग्नलला उभी आहे, तेही सांगता येतं. किल्ला बांधणाऱ्यांनी जागा निवडली ती येणारा-जाणारा ओळखण्यासाठीच. डेकवरून ओळखायला माझं काही नव्हतं. तिथे राहणाऱ्या लेकीला मात्र होतं. ती नातीला तिची शाळा दाखवत होती, आणि मला वाटतं तिकिटाचे पैसे तेवढ्यातच वसूल झाले.

म्हणून मुंबईचं नवल वाटतं. आपल्यातल्या कितीजणांचं त्या शहरात काही ना काही ओळखीचं आहे, पण टॉवरवरचं दृश्य फ्लॅटसोबत विकलं जातं. वर जाऊन बघायची जुनी जागा होती, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. २८० फूट उंच, १८७८ मध्ये पुरा झालेला. प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि आईचं नाव लावायला सांगितलं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, ज्याने मुंबई कधी पाहिली नव्हती. एके काळी लोक वर जात. जीव जाण्याच्या दुर्दैवी घटना घडल्या आणि वाट बंद झाली. दहाएक वर्षांपूर्वी डागडुजी होऊन दगड आणि रंगीत काचा पुन्हा उजळल्या, पण सामान्य माणसाने ओव्हल मैदानातूनच वर बघायचं.

जाळी बसवा, एका वेळी दहा-बाराजणांनाच सोडा, सोबत माहितगार माणूस द्या. ८५ मीटर पुष्कळ झाले. हायकोर्ट, चर्चगेटकडे येणाऱ्या लोकल, बॅकबे, सगळं नावानिशी सांगता येईल अशा अंतरावर आहे. असं झालं तर मी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने येईन आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत जाईन.