कुलगुरूपद आणि २५ वर्षांचं गणित

‘आरक्षण आहे ना, मग अडतंय कुठं?’ दलित किंवा आदिवासी बाई विद्यापीठात वरच्या पदावर का दिसत नाही, हा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. आरक्षण आहे, पण ते अध्यापकांच्या थेट भरतीत. तिथं प्रत्येक प्रवर्गात महिलांसाठी ३० टक्के जागाही आहेत. कुलगुरूपद मात्र एकच असतं. असं एकटं पद राखीव ठेवलं तर ते शंभर टक्के आरक्षण होईल, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केलं. महाराष्ट्रात या पदासाठी शोध समिती नावं काढते आणि राज्यपाल कुलपती या नात्याने त्यांतलं एक निवडतात.

दुसरा समज जास्त चिवट आहे: लायक उमेदवारच मिळत नाहीत. नागपूरच्या दलित लेखिका कुमुद पावडे संस्कृत घेऊन एम. ए. झाल्या, तरी नोकरी मिळेना. आंतरजातीय लग्न झालं, सोमकुंवरच्या पावडे झाल्या आणि मग सरकारी महाविद्यालयात अध्यापिका म्हणून नेमणूक झाली. ‘अंतःस्फोट’ या आत्मकथनात त्यांनी या नोकरीचं श्रेय स्वच्छपणे नव्या आडनावाला दिलं आहे. पदवी तीच होती, बाई तीच होती.

‘बाया झाल्या की कुलगुरू’ हेही खरंच. डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. पुण्यात २००६ मध्ये डॉ. नरेंद्र जाधव आले, म्हणजे दलित कुलगुरूही झाले. पण पहिलं उदाहरण महिलांच्या खात्यावर जमा होतं, दुसरं दलितांच्या, आणि दलित बाई दोन्ही खात्यांत धरली जाऊनही दोन्हीकडे गैरहजर राहते. पुणे जिल्ह्यातल्या कळंबची मुलगी मंचरच्या अण्णासाहेब आवटे महाविद्यालयात शिकून पदवीधर होते, तेव्हा तिच्या पदवीवर सावित्रीबाई फुले यांचं नाव असतं. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाने ते घेतलं. १९४९ पासूनच्या पूर्णवेळ कुलगुरूंच्या यादीत मात्र एकाही बाईचं नाव नाही, कुठल्याच जातीच्या.

आता खरी मेख. कुलगुरू व्हायला प्राध्यापक म्हणून १० वर्षांचा अनुभव लागतो. संशोधन वा शैक्षणिक प्रशासनातलाही चालतो, पण बहुतेक जण प्राध्यापकीतूनच येतात. २०१८ च्या यूजीसी नियमांप्रमाणे पीएच.डी. असलेल्या सहायक प्राध्यापकाला बढतीने प्राध्यापक व्हायला चार, पाच, तीन आणि तीन अशी १५ वर्षं लागतात, तीही एकही बढती रखडली नाही तर. एकूण झाली २५. तिसाव्या वर्षी कायम झालेली व्यक्ती पंचावन्नाव्या वर्षी पात्र ठरते. थेट भरतीने हे लवकर जमू शकतं, पण त्यासाठी जागा निघायला हव्यात. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली महादेव कोळी समाजाची मुलगी घोडेगावला शिकली, नेट झाली, पीएच.डी. झाली आणि जागा निघत नाहीत म्हणून अडतिशीपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवत राहिली, तर तेच गणित त्रेसष्टवर जातं. कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची किंवा वयाच्या पासष्टीपर्यंत, जे आधी संपेल ते. म्हणजे तिच्या वाट्याला कागदावर जेमतेम दोन वर्षं. अशा उमेदवाराचं नाव कोणती समिती पुढे करील?

‘हे जातीमुळे, आपल्याकडेच’ असंही नाही. ब्रिटनमध्ये २०१९ मध्ये कृष्णवर्णीय महिला प्राध्यापक होत्या फक्त २५. अभ्यासक निकोला रोलॉक यांनी त्यांच्यातल्या बहुतेकींशी बोलून केलेला अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. व्हॅलरी ॲमॉस २०१५ मध्ये लंडनच्या सोआस विद्यापीठाच्या प्रमुख झाल्या. ब्रिटिश विद्यापीठाचं नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला.

शेवटचा समज सगळ्यांना आवडतो, कारण तो स्वस्त पडतो: नेतृत्वविकासाची कार्यशाळा घ्या, पुष्पगुच्छ द्या, झालं. दलित किंवा आदिवासी बाईला आत्मविश्वास शिकवायची गरज क्वचितच असते. घरची पहिली पदवीधर होऊन तिने तो पुरेसा कमावलेला असतो. तिला हवी ती वेळेवर भरती आणि न रखडणारी बढती. त्याखेरीज प्रशासनाचा अनुभव देणारी कामंही हवीत: प्राचार्यपद, अधिष्ठातापद, परीक्षा विभाग, खरेदी आणि वित्ताच्या समित्या. प्रत्यक्षात तिच्याकडे बहुधा येतं ते महिला तक्रार निवारण, सांस्कृतिक मंडळ आणि जयंतीचं सूत्रसंचालन. ती कामंही करावीच लागतात, पण शोध समितीसमोर वजन पडतं ते कोट्यवधींचं अंदाजपत्रक सांभाळल्याचं.