गाजराचा वाफा व घरचा ओला कचरा

आपल्या परसात गाजर नीट धरत नाही, अशी तक्रार पुण्यातील हौशी मंडळींकडून आम्ही वारंवार ऐकतो. आमच्या मते दोष बहुधा बियाण्याचा नसून मातीचा असतो. येथील काळी चिकण माती सुकली म्हणजे दगडासारखी होते. तीत मूळ सरळ कसे उतरणार? ते वाकते, नाही तर त्यास फाटे फुटतात. याकरिता वाफा हातभर खणून खडे वेचावे आणि पूर्ण कुजलेले खत मिसळावे. अर्धेकच्चे खत घातल्यास गाजरे पुन्हा फाटतात. थंडीच्या तोंडाशी बी जागेवरच पेरावे, उगवेपर्यंत सुमारे दोन आठवडे ओल मोडू देऊ नये, आणि पुढे दोन-तीन इंचांवर एक रोप राखून बाकीची उपटावी.

मात्र हे खत विकत कशास आणावयाचे? भाजीची देठे, फळांच्या साली, वाळला पाला हेच त्याचे भांडवल, आणि तेच आपण रोज घराबाहेर घालवितो. या शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी येथे टाकला गेला. दुर्गंधी व नासलेले पाणी तेथील ग्रामस्थांच्या वाट्यास आले. ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी प्रत्येक घरावर घातले; परंतु नियमाने जे होत नाही ते स्वार्थाने होते, हे व्यापारी वाचकांस आम्ही काय सांगावे? ज्याने घरच्या खतावर एकदा सरळ, गोड गाजर उपटले, तो आपला कचरा शेजारच्या गावावर लोटावयास सहसा धजणार नाही.